‘दुर्दैवी’ हा शब्द आधी काढावा

प्रति,
दुसऱ्या महायुद्धावर मराठीत लिहिणारे लेखक, अनुवादक आणि त्यांचे लेखन छापणारे संपादक यांस,

सविनय नमस्कार.

इटलीची राजकन्या माफाल्दा हिच्याविषयी हे पत्र आहे. आपल्याकडे तिचा उल्लेख फार क्वचित होतो, आणि झालाच तर छळछावण्या किंवा हिटलरचे सूड अशा एखाद्या लेखाच्या कडेला, चौकटीत होतो. मोत्यांची माळ घातलेल्या तरुणीचे छायाचित्र असते आणि त्याखाली ‘बुखेनवाल्डमध्ये अंत पावलेली दुर्दैवी राजकन्या’ अशा अर्थाची एक ओळ असते. माझी तक्रार त्या ओळीतल्या एका शब्दाबद्दल आहे. दैवाला आपण मराठीत फार सढळपणे वेठीला धरतो. पुरात वाहून गेलेला दुर्दैवी, रेल्वे फाटकात सापडलेला दुर्दैवी, आणि रस्त्यावरच्या उघड्या गटारात पडून मेलेलाही दुर्दैवीच. ज्या मृत्यूला जितीजागती माणसे जबाबदार असतात तो सटवाईच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. माफाल्दाच्या बाबतीत तसे करणे विशेष चुकीचे आहे, कारण तिला मृत्यूपर्यंत नेणारा जवळजवळ प्रत्येक निर्णय कोणी आणि केव्हा घेतला हे सांगता येते.

मराठी वाचकाला इटलीचा इतिहास अनोळखी नाही. सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला त्याला शतक उलटून गेले, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही नावे शाळेपासून आपल्या कानावर आहेत, आणि एकीकरणानंतर सिंहासनावर बसलेला सव्हॉय घराण्याचा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएलही पाठ्यपुस्तकांतून भेटलेला असतो. मात्र त्यानंतर आपली गाडी मधली स्थानके न घेता थेट मुसोलिनीपाशी थांबते आणि तिथून मिलानच्या चौकात उलट्या टांगलेल्या त्याच्या प्रेताशी. मुसोलिनीला १९२२ मध्ये पंतप्रधानपदी बोलावणारा, त्याच्या प्रत्येक कायद्यावर सही करणारा आणि २५ जुलै १९४३ रोजी त्याला अटक करवणारा राजा, म्हणजे तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल, आपल्या लेखनात जवळजवळ येतच नाही. माफाल्दा ही त्याची दुसरी मुलगी, आणि त्याच्यावाचून तिची गोष्ट सांगताच येत नाही.

तिचा जन्म १९ नोव्हेंबर १९०२ चा, रोममधला. आई एलेना ही माँटेनिग्रोच्या निकोला राजाची कन्या. १९०८ च्या मेसिना भूकंपात जखमींची शुश्रूषा केल्यामुळे एलेनाविषयी प्रजेला आपुलकी होती, आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या भेटींना ती मुलींनाही सोबत नेत असे. थोरली योलांडा, मग माफाल्दा, मग युवराज उंबेर्तो, मग पुढे बल्गेरियाची राणी झालेली जोव्हान्ना आणि शेंडेफळ मारिया फ्रान्चेस्का, अशी ही पाच भावंडे. माफाल्दाचे नाव राजवाड्याबाहेर प्रथम गाजले ते एका जहाजामुळे. ‘प्रिन्चिपेस्सा माफाल्दा’ हे प्रवासी जहाज १९०८ साली पाण्यात उतरले आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाले. तीनशेहून अधिक माणसे त्यात गेली. थोरल्या बहिणीच्या नावाचे जोडजहाज तर १९०७ मध्ये पाण्यात ढकलल्याबरोबर कलंडले होते. चौकटी लिहिणाऱ्यांना हा योगायोग फार मोहात पाडतो, म्हणून आधीच सांगतो की त्याचा माफाल्दाच्या मृत्यूशी काडीचाही संबंध नाही.

संबंध आहे तो २३ सप्टेंबर १९२५ रोजी, पिएमाँटमधल्या राक्कोनीजीच्या वाड्यात झालेल्या तिच्या लग्नाशी. वर होता हेस घराण्यातला जर्मन राजपुत्र फिलिप, आजोळच्या बाजूने काय्झर तिसऱ्या फ्रेडरिकचा नातू आणि राणी व्हिक्टोरियाचा पणतू. (इंग्लंडच्या राजघराण्यात रस असणाऱ्या आपल्या वाचकांना एक दुवा: एडिंबरोचे ड्यूक प्रिन्स फिलिप यांची बहीण सोफी ही माफाल्दाची धाकटी जाऊ.) या फिलिपने १९३० मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले आणि १९३३ मध्ये तो हेस-नासाऊ प्रांताचा प्रमुख प्रशासक झाला. राजाचा जावई असल्यामुळे बर्लिन आणि रोम यांच्यातला तो सोयीचा निरोप्या होता. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळण्याच्या आदल्या रात्री मुसोलिनीची संमती हिटलरला दूरध्वनीवरून कळवली ती यानेच. हिटलरच्या नियोजित संग्रहालयासाठी इटलीतून चित्रे आणि शिल्पे मिळवून देण्याचे कामही तो करीत असे. याहून गंभीर गोष्ट अशी की फेब्रुवारी १९४१ मध्ये हादामार येथील मनोरुग्णालय केंद्र सरकारच्या ताब्यात देणाऱ्या करारावर प्रांतप्रमुख म्हणून त्याची सही आहे, आणि त्या वर्षी तिथे दहा हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग माणसे विषारी वायूने मारली गेली.

हे सारे चौकटीत का येत नाही, हा माझा आपल्याला पहिला प्रश्न आहे. माफाल्दाला निव्वळ निष्पाप बळी म्हणून उभे करायचे ठरले की नवरा अडचणीचा होतो, मग त्याला ‘एक जर्मन राजपुत्र’ म्हणून गुंडाळले जाते. तिच्या पतीची सत्ता, रोममधला तिचा ऐसपैस व्हिला आणि चार मुलांचे सुखवस्तू बालपण हे सगळे एकाच राजवटीच्या छायेत उभे होते. नाझींना ती मनापासून मानत नव्हती असे मानायला जागा आहे, कारण हिटलर आणि गोबेल्स यांचा तिच्यावर विलक्षण राग होता आणि गोबेल्सच्या रोजनिशीत तिच्याविषयी अत्यंत ओंगळ शब्द सापडतात. पण हिटलरला कोणी आवडत नव्हते एवढ्यावरून ती व्यक्ती प्रतिकाराची नायिका ठरत नाही.

आता १९४३ च्या उन्हाळ्याकडे येतो, कारण सगळा पेच तिथे आहे आणि नेमका तोच भाग आपल्या लेखनातून गळतो. जुलैमध्ये मुसोलिनीला राजाच्या निवासस्थानाच्या, व्हिला सावोयाच्या दारात पकडण्यात आले. माफाल्दाचे घर त्याच विस्तीर्ण बागेच्या आवारात होते. नवा पंतप्रधान बादोल्यो उघडपणे जर्मनीच्या बाजूने युद्ध चालूच राहील असे सांगत होता आणि गुपचूप ब्रिटन-अमेरिकेकडे, म्हणजे दोस्त राष्ट्रांकडे माणसे पाठवत होता. जनरल कास्तेल्लानो १९ ऑगस्टला लिस्बनमध्ये दोस्तांच्या प्रतिनिधींना भेटला. २८ ऑगस्टला बल्गेरियाचा राजा बोरिस अचानक वारला आणि विधवा झालेल्या धाकट्या बहिणीला धीर देण्यासाठी माफाल्दा सोफियाला निघाली. म्हणजे मुलगी जर्मन सैन्याच्या वर्चस्वाखालच्या प्रदेशातून प्रवासाला निघत होती तेव्हा बाजू बदलण्याची बोलणी सुरू होऊन आठवडा उलटला होता, आणि बापाला ते ठाऊक होते. ३ सप्टेंबरला सिसिलीतल्या कासिबिले येथे युद्धविरामावर सही झाली. तरीही सोफियाला कोणताही इशारा गेला नाही.

राजाच्या बाजूने असे समर्थन केले जाते की हे राज्याचे गुपित होते आणि नाझी अधिकाऱ्याच्या पत्नीला ते सांगणे म्हणजे देश धोक्यात घालणे. हा युक्तिवाद एकदम झटकून टाकावा असा नाही. परंतु गुपित न फोडताही मुलीचा प्रवास थांबवता येत होता. आजारपणाचे निमित्त राजवाड्यांना कधी कमी पडलेले नाही. शिवाय ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी बादोल्योने नभोवाणीवरून युद्धविराम जाहीर केल्यानंतर गुपित उरलेच नव्हते, आणि त्यानंतरच्या काही तासांत राजाने जे केले ते पाहिले की राज्यहिताचा आधार फारच तोकडा वाटू लागतो. ९ तारखेच्या पहाटे राजा, राणी, युवराज, पंतप्रधान आणि वरिष्ठ सेनाधिकारी यांच्या मोटारी रोम सोडून पूर्व किनाऱ्याकडे धावल्या, ऑर्तोनाच्या बंदरात ‘बायोनेत्ता’ नावाच्या युद्धनौकेवर मंडळी चढली आणि दक्षिणेला ब्रिंडिसीला सुखरूप पोचली. मागे राहिलेल्या सैन्याला स्पष्ट आज्ञा नव्हत्या. जर्मनांनी लाखो इटालियन सैनिकांना निःशस्त्र केले आणि सहा लाखांहून अधिक जणांना जर्मनीच्या व तिच्या ताब्यातील प्रदेशांच्या बंदितळांवर नेले. त्यांना युद्धकैदी हा दर्जाही दिला नाही. ‘लष्करी स्थानबद्ध’ असे वेगळे नाव काढले, म्हणजे युद्धकैद्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय करार लागू होऊ नयेत. राजाची मुलगी या लाखोंपैकी एक होती. मला वाटते, तिच्याकडे पाहण्याची योग्य जागा हीच आहे.

परतीच्या वाटेवर रुमानियात सिनाया स्थानकावर तिथल्या राजमातेने तिची गाडी थांबवून तिला युद्धविरामाची बातमी दिली आणि पुढे न जाण्याचा सल्ला दिला. माफाल्दाने तो मानला नाही. तिची तीन मुले रोममध्ये होती आणि त्यांतली धाकटी एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती. बुडापेस्टमार्गे मिळेल त्या वाहनाने ती इटलीच्या किनाऱ्यावर उतरली आणि २२ सप्टेंबरला रोममध्ये शिरली. मुलांना व्हॅटिकनमध्ये मोन्सिन्योर मोंतिनी यांच्याकडे लपवलेले होते. हेच मोंतिनी पुढे सहावे पोप पॉल झाले. मुलांची भेट झाली, आणि लगेचच तिला जर्मन कचेरीतून बोलावणे आले की जर्मनीहून पतीचा दूरध्वनी येणार आहे. पतीचा दूरध्वनी येणे शक्यच नव्हते, कारण हिटलरने त्याला ८ सप्टेंबरलाच आपल्या मुख्यालयात पकडून पुढे फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत टाकले होते. रोममधला गेस्टापोचा प्रमुख हर्बर्ट काप्लर याने रचलेला हा सापळा होता. याच काप्लरने ऑक्टोबरमध्ये रोमच्या ज्यूंना पकडण्यात भाग घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये आर्देआतीने गुहांमध्ये ३३५ जणांची कत्तल केली. माफाल्दाला विमानाने म्युनिकला, तिथून चौकशीसाठी बर्लिनला, आणि मग बुखेनवाल्डला नेण्यात आले.

बुखेनवाल्ड वायमारपासून जवळ, टेकडीवर आहे. जर्मन महाकवी गटे जिथे राहिला त्या गावाशेजारी ही छावणी, हा विरोधाभास शेकडो लेखांत आला आहे, त्यामुळे मी त्यावर थांबत नाही. माफाल्दाला मुख्य छावणीत न ठेवता उंच भिंतीआडच्या एका वेगळ्या बराकीत ठेवले आणि तिचे नाव बदलून ‘फ्राऊ फॉन वेबर’ केले. खरे नाव सांगण्यास तिला बंदी होती. बराकीत तिच्या शेजारी होते जर्मन समाजवादी लोकशाही पक्षाचे जुने पुढारी रुडोल्फ ब्राइटशाइड आणि त्यांची पत्नी टोनी, आणि तिच्या सोबतीला मारिया रुनाऊ ही यहोवाची साक्षीदार पंथातली कैदी दिली होती. राजाची मुलगी, राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीत प्रशियाचा मंत्री झालेला समाजवादी आणि कोणत्याही सरकारला सलाम करण्यास नकार देणाऱ्या पंथाची स्त्री, अशी ती बराक होती. त्या काळात त्यांच्यात काय बोलणे होत असेल याची कल्पना करण्याचा मोह लेखकांना होतो. तो आवरावा अशी माझी विनंती आहे.

२४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी छावणीला लागून असलेल्या गुस्टलोफ शस्त्र कारखान्यावर बाँब टाकले. त्यात शेकडो कैदी मेले, ब्राइटशाइडही मेले, आणि खंदकात आसऱ्याला गेलेली माफाल्दा मानेपर्यंत ढिगाऱ्यात गाडली गेली. तिला बाहेर काढणाऱ्यांत इटालियन कैदी होते. त्यांना ती म्हणाली, ‘मला राजकन्या म्हणून नव्हे, तुमची इटालियन बहीण म्हणून आठवा,’ असे सांगितले जाते. हे वाक्य इटलीत तिच्या स्मारकांवरून फार घासून गुळगुळीत झाले आहे, तरी त्यातले नाते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. डावा हात भाजून चिरडला होता. छावणीतल्या कैदी स्त्रियांना जबरदस्तीने जिथे वेश्या म्हणून राबवत, त्या इमारतीत तिला ठेवले. चार दिवस जखम चिघळू दिली आणि मग छावणीचा एसएस डॉक्टर गेरहार्ड शिडलाउस्की याने हात कापला. शस्त्रक्रिया लांबत गेली, रक्त वाहत राहिले आणि २७ ते २८ ऑगस्टच्या रात्री, शुद्धीवर न येता, ती गेली. त्याच छावणीत कैदी असलेले इटालियन डॉक्टर फाउस्तो पेकोरारी, जे नंतर इटलीच्या संविधान सभेचे उपाध्यक्ष झाले, त्यांचे मत असे होते की उशीर आणि शस्त्रक्रियेची पद्धत हे दोन्ही मुद्दाम होते. शिडलाउस्कीला १९४७ मध्ये रावेन्सब्रुक छावणीच्या खटल्यात फाशी झाली. तो खटला माफाल्दासाठी नव्हता.

यानंतरचा एक तपशील मी आपल्याला मुद्दाम देतो. सप्टेंबरमध्ये नाझी वृत्तपत्रांनी जाहीर केले की बुखेनवाल्डवरील हवाई हल्ल्यात ब्राइटशाइड आणि साम्यवादी नेते अर्न्स्ट थेलमान ठार झाले. थेलमान यांना खरे तर बाँब पडण्याच्या आठवडाभर आधी गोळ्या घालून मारले होते आणि हल्ला हे आयते झाकण मिळाले होते. त्या बातमीत माफाल्दा नव्हतीच, कारण अधिकृतपणे ती बुखेनवाल्डमध्ये कधी आलीच नव्हती. प्रेतागाराशी नेमलेले कैदी पाद्री योसेफ टिल यांनी तिचा देह भट्टीत जाऊ न देता पेटीत ठेवून पुरवला, म्हणून निदान कबर तरी राहिली. त्या कबरीची नोंद ‘२६२, एक अज्ञात स्त्री’ अशी होती. जर्मनीत अडकलेल्या गाएताच्या सात इटालियन खलाशांनी १९४५ मध्ये ती शोधून तिच्यावर नावाचा दगड बसवला, तेव्हा वडील अजून राजेपदावर होते.

हा सगळा काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नायक यशवंत घाडगे यांनी इटलीतल्या तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर, एकट्याने जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते कामी आले, ती तारीख होती १० जुलै १९४४. बाविसाव्या वर्षी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी माफाल्दा गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची माणसे त्या डोंगरांत जर्मनांशी लढत होती, कारण ९ सप्टेंबर १९४३ च्या पहाटे राजधानी वाऱ्यावर सोडली गेली आणि देशाचा उत्तरेकडचा भाग जवळजवळ न लढता जर्मनांच्या हाती पडला. घाडग्यांवर आपल्याकडे लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते ज्या इटलीत लढले ती तशी का झाली होती हे त्या लेखांत शोधून सापडत नाही. रोममधून त्या पहाटे निघालेल्या मोटारींचा उल्लेख घाडग्यांच्या लेखातही हवा आणि माफाल्दाच्याही.

दुसऱ्या टोकाची चूकही इटलीत झालेली आहे आणि ती आपण उचलू नये. जून १९४६ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के मतदारांनी प्रजासत्ताक निवडले आणि राजघराणे परदेशी गेले. मॅझिनीला जे हवे होते ते त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी घडले. तेव्हापासून राजेशाहीच्या चाहत्यांना माफाल्दा फार सोयीची पडली आहे, कारण घराण्यावर ठपका आला की तिचे नाव पुढे करता येते: पाहा, आम्हीही छावणीत माणूस गमावले. इटलीच्या टपाल खात्याने १९९५ मध्ये तिचे तिकीट काढले, रस्त्यांना आणि शाळांना तिचे नाव मिळाले, त्यात गैर काही नाही. मात्र ५ सप्टेंबर १९३८ रोजी पिसाजवळच्या सान रोस्सोरे येथे ज्यू मुलांना आणि शिक्षकांना शाळांतून हाकलणाऱ्या हुकमावर ज्याने सही केली तो तिचाच बाप होता. बुखेनवाल्डमध्ये सुमारे ५६,००० माणसे मेली. त्यांतल्या एकीचे नाव वापरून त्या सहीवर बोळा फिरवता येत नाही. घराण्याचा आजचा वंशज एमानुएले फिलिबेर्तो याने जानेवारी २०२१ मध्ये इटलीतल्या ज्यू समाजाला पत्र लिहून त्या सहीबद्दल माफी मागितली, म्हणजे ब्याऐंशी वर्षांनी.

डिसेंबर २०१७ मध्ये राजा आणि राणी यांचे अवशेष, त्याचे अलेक्झांड्रियाहून आणि तिचे माँपेलियेहून, पिएमाँटमधल्या व्हिकोफोर्तेच्या देवालयात आणून शेजारी ठेवले गेले. आधीच्या दोन राजांची थडगी असलेल्या रोमच्या पॅन्थिऑनमध्ये त्यांना जागा का नाही, म्हणून नातेवाईकांनी वाद घातला. माफाल्दाचे अवशेष १९५१ पासून जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या क्रोनबेर्गला, हेस घराण्याच्या दफनभूमीत आहेत. फिलिप युद्धातून वाचला, अमेरिकनांच्या कैदेत काही वर्षे राहिला आणि १९८० मध्ये रोममध्ये वारला.

तेव्हा पुढच्या वेळी आपण तिच्यावर लिहाल किंवा छापाल तेव्हा जागा चौकटीएवढीच असली तरी हरकत नाही. त्यात बापाचे नाव, नवऱ्याचे पद आणि ८ सप्टेंबर १९४३ ही तारीख बसते. मी शब्द मोजून पाहिले आहेत. छायाचित्राखाली ‘माफाल्दा, १९०२–१९४४, बुखेनवाल्डमधील नोंद क्रमांक २६२’ एवढे छापावे. ‘दुर्दैवी’ गाळल्याने जी जागा सुटेल तिथे काप्लरचे नाव मावेल.

आपला नम्र,
एक वाचक